विंडोज ११ नंतर मंदावलेल्या लॅपटॉपचा माग

विंडोज १० ला मिळणारा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला आणि सांगलीच्या मार्केट यार्डात हिशेबाचे काम करणाऱ्या आम्हा अनेकांपुढे एकच प्रश्न उभा राहिला. ज्या लॅपटॉपवर जीएसटीची विवरणपत्रे भरायची, डिजिटल स्वाक्षरीचे टोकन लावायचे आणि शेतकऱ्यांच्या खात्यांवर पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे, पैसे वळते करायचे, तो सुरक्षा अपडेटशिवाय चालवणे मला पटत नव्हते. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची वाढीव मुदत उपलब्ध होती. परंतु आज ना उद्या पुढच्या आवृत्तीवर जायचेच होते, आणि ते हळदीचे सौदे ऐन भरात असताना करण्यापेक्षा दिवाळीनंतरच्या सवडीत उरकावे, असे अडत दुकानाचे मालक अण्णा आणि मी मिळून ठरवले.

लॅपटॉप २०१९ साली घेतलेला आहे. त्यात आठव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि १ टीबीची फिरती हार्ड डिस्क होती. विंडोज ११ साठी किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. या सर्व अटी आमचा लॅपटॉप पूर्ण करत होता आणि पात्रता तपासणाऱ्या प्रोग्रॅमनेही तसाच निर्वाळा दिला. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, असलीच पाहिजे, अशी अट त्या यादीत नाही. पुढे जे घडले ते समजून घेताना ही बाब महत्त्वाची ठरली, म्हणून आधीच नमूद करून ठेवते.

अपग्रेड कोणत्याही अडथळ्याशिवाय पार पडले. फाइली जागच्या जागी होत्या, टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा शाबूत होता, मराठी टंकलेखनाचा कळफलकही तसाच होता. फक्त सगळे विलक्षण संथ झाले होते. पासवर्ड टाकल्यानंतर डेस्कटॉप दिसे, पण चिन्हांवर क्लिक केले तरी काहीच हालत नसे. टॅलीत कंपनी उघडायला घेतली की पडदा पांढुरका होऊन ‘प्रतिसाद देत नाही’ असा संदेश येई. व्हाउचर टाकताना आकडे बोटांच्या मागून रेंगाळत उमटत. शेतकरी समोर बसलेला असताना त्याची पट्टी छापून हातात द्यायला असा उशीर लागणे दुकानाच्या दृष्टीने बरे नव्हते, कारण गावाकडे परतायची त्याची गाडी ठरलेली असते.

यार्डात सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारच्या दुकानातील दिवाणजी म्हणाले, “फॉरमॅट मारा ताई, सगळं सरळ हुतंय.” कोणी नवा लॅपटॉप घ्यायला सुचवले, तर कोणी पुन्हा विंडोज १० वर जायला. तिन्ही सल्ले आपुलकीचे होते, पण तिन्हींत एक उणीव होती: लॅपटॉप नेमका कशामुळे अडतो आहे, हे त्यांपैकी कोणीही पाहिलेले नव्हते. व्यापाऱ्याच्या खात्यात फरक निघाला तर आपण सगळी वही फाडून नवी लिहीत नाही. कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या नोंदीपासून जमत नाही ते शोधतो. यंत्राच्या बाबतीतही आधी फरक शोधायचा आणि मगच पैसा किंवा वेळ खर्च करायचा, हा माझा आग्रह होता. अण्णांनी त्याला मान्यता दिली, मात्र “नव्या हळदीचे सौदे सुरू व्हायच्या आत काय ते करून टाका,” असेही बजावले.

मागे फिरण्याचा मार्ग किती काळ खुला असतो, हे सर्वप्रथम पाहिले. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाच्या फोल्डरमध्ये १० दिवस राहते आणि तेवढ्या मुदतीत सेटिंग्जमधील रिकव्हरी विभागातून ‘गो बॅक’ निवडून पूर्वस्थितीला जाता येते. त्यानंतर तो फोल्डर आपोआप काढून टाकला जातो. मागे जायचे नाही, हा आमचा निर्णय पक्का होता. तरीही तो फोल्डर मुदतीपूर्वी हाताने पुसून जागा मोकळी करण्याची घाई मी केली नाही. सी ड्राइव्हवर भरपूर जागा शिल्लक होती, त्यामुळे जागेची टंचाई हे मंदपणाचे कारण नाही, एवढे तेव्हाच स्पष्ट झाले.

त्याच दिवशी टॅलीच्या डेटा फोल्डरची, एक्सेलच्या सर्व फाइलींची आणि विवरणपत्रांच्या पावत्यांची प्रत बाहेरच्या ड्राइव्हवर घेतली आणि ती प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिली. प्रत घेतली म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांना मी नेहमी हेच सांगते की, उघडून पाहिल्याशिवाय ती प्रत म्हणजे नुसता भरवसा असतो. डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कवरील माहिती कुलूपबंद ठेवण्याची सोय, चालू आहे का, हेही तपासले आणि ते कुलूप उघडणारी रिकव्हरी की कागदावर उतरवून दुकानाच्या तिजोरीत ठेवली. पुढे डिस्क बदलण्याची किंवा बायॉसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला) हात लावण्याची वेळ आली आणि यंत्राने ती की मागितली, तर ती हाताशी असणे अत्यावश्यक असते.

यानंतर काही काळ लॅपटॉपला त्याच्या पाठीमागच्या कामांसाठी मोकळा सोडला. मोठ्या अपग्रेडनंतर विंडोज शोधासाठीची अनुक्रमणिका नव्याने बांधते, डिफेंडर हा विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस फाइलींची तपासणी करतो, राहिलेली अपडेट उतरवली जातात आणि ड्रायव्हर बदलले जातात. ही सर्व कामे डिस्कवर तुटून पडतात. चार्जर लावून, झोपण्याचा पर्याय बंद करून, लॅपटॉप रात्रभर चालू ठेवला की त्यांपैकी बरीचशी उरकतात. सेटिंग्जमध्ये ‘सर्चिंग विंडोज’ या पानावर किती नोंदी व्हायच्या राहिल्या आहेत ते दिसते. तो आकडा शून्यावर येईपर्यंत कोणताही निष्कर्ष काढायचा नाही असे मी ठरवले होते. आकडा शून्यावर आला, लॅपटॉप किंचित हलका झाला, परंतु टॅलीचे रेंगाळणे मात्र कायम राहिले. म्हणजे हा केवळ स्थिरावण्याचा काळ नव्हता.

विश्रामबागेत आमच्या शेजारी राहणारा, अभियांत्रिकीत शिकणारा एक मुलगा या कामात माझ्याबरोबर बसला. त्याला मी सगळी हकीकत सांगितली, तेव्हा त्याचे पहिले वाक्य मला आवडले: “काकू, फॉरमॅट मारायच्या आधी डिस्क काय म्हणते ते तरी बघूया की.” कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबून त्याने यंत्राच्या कोणत्या भागावर किती भार आहे ते दाखवणारा टास्क मॅनेजर उघडला आणि आम्ही दोघे तो पडदा निवांतपणे वाचत बसलो. या एका बैठकीत जे कळले, ते त्याआधीच्या साऱ्या तर्कवितर्कांतून कळले नव्हते.

परफॉर्मन्स विभागात डिस्कच्या नावाखाली ‘एचडीडी’ (फिरती हार्ड डिस्क) असे लिहिले होते आणि तिचा ‘अ‍ॅक्टिव्ह टाइम’ १०० टक्क्यांवर चिकटून बसला होता. त्याच वेळी प्रत्यक्ष वाचन आणि लेखन मिळून सेकंदाला जेमतेम १ एमबी होत होते, आणि ‘अ‍ॅव्हरेज रिस्पॉन्स टाइम’ शेकडो मिलिसेकंदांत जाऊन मधूनच हजाराच्या वर उडी घेत होता. डिस्क पूर्ण वेळ राबते आहे, पण हाती काहीच लागत नाही, असे ते चित्र होते. प्रोसेसर मात्र बहुतेक वेळ २० टक्क्यांच्या आसपास स्वस्थ होता. प्रोसेसर जुना झाला म्हणून नवा लॅपटॉप घ्या, हा सल्ला त्या एका आकड्याने निकालात काढला.

हे असे का होते, हे त्या मुलाने कागदावर गणित मांडून समजावले. लॅपटॉपमधील अशी डिस्क मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९० फेरे आणि एका फेऱ्याला साधारण ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा थांबावे लागते आणि त्याआधी सुई योग्य वर्तुळावर सरकण्यासाठी आणखी काही मिलिसेकंद जातात. एका लहान वाचनाला १५ मिलिसेकंद धरले, तरी सेकंदाला साठ-सत्तरच वाचने होतात. प्रत्येक वाचन ४ केबीचे असेल तर सेकंदाला पाव एमबीच्या आसपास मजल जाते. एकच मोठी फाइल सलग वाचायची असेल तर हीच डिस्क चांगली वेगवान ठरते. परंतु विंडोज सुरू होताना, किंवा एकाच वेळी अनेक प्रोग्रॅम चालू असताना, हजारो लहान तुकडे डिस्कभर विखुरलेल्या ठिकाणांहून मागितले जातात. एसएसडीत फिरणारे काहीच नसल्यामुळे तेच लहान वाचन ०.१ मिलिसेकंदाच्या आसपास होते. दोन्हींमधील हा फरक शंभरपटीहून अधिक आहे.

मग हीच डिस्क विंडोज १० वर कशी निभावून नेत होती, हा प्रश्न उरतो. त्याचे उत्तर मेमरी विभागात सापडले. केवळ विंडोज आणि सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम मिळून ४ जीबीपैकी बहुतेक रॅम व्यापत होते. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल उघडले की रॅम पुरत नव्हती आणि ‘कमिटेड’चा आकडा प्रत्यक्ष रॅमच्या बराच पुढे जात होता. रॅम अपुरी पडली की विंडोज तिथला काही भाग डिस्कवरील पेज फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागेल तेव्हा परत आणते. रिसोर्स मॉनिटरमध्ये डिस्कवरून असे किती वेळा परत आणावे लागते ते दाखवणारा ‘हार्ड फॉल्ट्स’ नावाचा आलेख आहे. टॅलीतून ब्राउझरकडे आणि ब्राउझरमधून टॅलीकडे येताच तो आलेख उसळत असे. नव्या आवृत्तीचा मेमरीवरचा भार जुन्यापेक्षा थोडासाच जास्त असेल, पण आमच्या लॅपटॉपमध्ये तेवढीही जागा शिल्लक नव्हती, आणि कमी पडलेला प्रत्येक तुकडा सर्वांत संथ भागावर, म्हणजे त्या फिरत्या डिस्कवर जाऊन पडत होता.

त्याच विभागात ‘स्लॉट्स यूज्ड’ समोर दोनपैकी एक असे दिसले. रॅम वाढवायला जागा आहे, हे लॅपटॉप न उघडताच समजले.

खर्चाकडे वळण्यापूर्वी विनाखर्चाचे उपाय पूर्ण करणे मला आवश्यक वाटले. टास्क मॅनेजरच्या ‘स्टार्टअप अ‍ॅप्स’मध्ये प्रिंटरचे मदतनीस, चॅटचे प्रोग्रॅम आणि निरनिराळे अपडेटर यांची लांबलचक रांग होती. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचा प्रोग्रॅम आणि टचपॅडचा ड्रायव्हर सोडून बाकीचे बंद केले. लॅपटॉपबरोबर आलेला, मुदत केव्हाच संपलेला एक अँटिव्हायरस अजून पाठीमागे चालत होता. तो रीतसर काढून टाकला आणि डिफेंडर चालू असल्याची खातरजमा विंडोज सिक्युरिटीमध्ये जाऊन केली. कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडून विंडोजच्या स्वतःच्या फाइली तपासून दुरुस्त करणाऱ्या दोन आज्ञा, आधी डीआयएसएमची आणि मग एसएफसी स्कॅननाऊ, चालवल्या. एसएफसीने काही बिघडलेल्या फाइली दुरुस्त केल्याचे सांगितले. वेगात फरक पडला नाही, पण पाया ठीक आहे एवढा दिलासा मिळाला, आणि फॉरमॅट करण्यामागचे शेवटचे कारणही गळून पडले.

डिव्हाइस मॅनेजर पाहताना डिस्प्ले अ‍ॅडाप्टरखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडाप्टर’ असे नाव आढळले. याचा अर्थ ग्राफिक्सचा खास ड्रायव्हर बसलेला नव्हता आणि चित्रे रंगवण्याचे कामही प्रोसेसरवर पडत होते. खिडकी ओढताना तिच्या कडा फरफटत येतात आणि ब्राउझरमध्ये पान सरकवताना झटके बसतात, त्याचे कारण हेच होते. लॅपटॉपच्या निर्मात्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून त्याच मॉडेलचे ग्राफिक्स आणि चिपसेट यांचे ड्रायव्हर उतरवून बसवले, तेव्हा ते झटके पूर्ण थांबले. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिरवणारे तिऱ्हाईत प्रोग्रॅम या कामासाठी वापरू नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. रजिस्ट्री साफ करणारे आणि वेग वाढवण्याचे आश्वासन देणारे प्रोग्रॅमही मी दूरच ठेवले. डिफेंडर बंद केला तर डिस्कवरचा भार कमी होईल हे खरे आहे. परंतु सुरक्षेसाठीच अपग्रेड केलेल्या यंत्रावर सुरक्षा काढून वेग मिळवायचा, हे मला कदापि मान्य होण्यासारखे नव्हते. शोधाची अनुक्रमणिका कायमची बंद करायलाही मी नकार दिला. नेहमी लागणारे प्रोग्रॅम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी ‘सिसमेन’ ही सेवा मात्र पडताळणीसाठी तात्पुरती थांबवून पाहिली, फरक नगण्य दिसला आणि ती पुन्हा चालू केली. एका वेळी एकच बदल करायचा, त्याची नोंद ठेवायची आणि फरक न पडल्यास तो मागे घ्यायचा, ही शिस्त आम्ही शेवटपर्यंत पाळली.

यासाठी एक साधी पद्धत उपयोगी पडली. पॉवरचे बटण दाबल्यापासून टॅलीचे चिन्ह प्रतिसाद देईपर्यंत, टॅलीत कंपनी उघडेपर्यंत आणि वर्षभराचा खातेउतारा पडद्यावर येईपर्यंत किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून वहीत लिहिले. पहिल्या कामाला सुरुवातीला नऊ मिनिटांच्या आसपास वेळ लागत होता. विनाखर्चाच्या उपायांनंतर तो पाच मिनिटांपर्यंत उतरला. डोळ्यांना वाटणारा फरक आणि घड्याळात दिसणारा फरक पुष्कळदा निराळे असतात, म्हणून वहीतल्या नोंदी असणे गरजेचे होते. अण्णांपुढे खर्चाचा विषय काढताना याच नोंदी त्यांना दाखवल्या.

आणखी एक गोष्ट या नोंदींतूनच पुढे आली. लॅपटॉप सुरू करून बराच वेळ काम केल्यावर खातेउतारा येण्याचा वेळ अचानक वाढत असे. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पाहिला, तर मूळ २.२० गिगाहर्ट्‌झऐवजी तो ०.८० च्या खाली घसरलेला होता. प्रोसेसर तापला की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. लॅपटॉपच्या बाजूच्या फटीतून गरम हवा जोमाने बाहेर यायला हवी, ती अगदीच क्षीण येत होती, पंख्याचा आवाज मात्र मोठा होता. हा बिघाड अपग्रेडमुळे आलेला नव्हता. तो आधीपासून मुरत होता आणि नव्या आवृत्तीच्या सुरुवातीच्या कामांनी प्रोसेसर जास्त तापू लागल्यावर उघड झाला.

डिस्क बदलण्यापूर्वी तिची प्रकृती पाहणे आवश्यक होते. क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये डिस्कच्या स्वतःच्या नोंदी वाचता येतात. त्यांत खराब म्हणून बाजूला काढलेल्या आणि तपासणीच्या प्रतीक्षेत असलेल्या सेक्टरांची संख्या शून्य होती आणि वरती निळ्या चौकटीत ‘गुड’ असे दिसत होते. डिस्क संथ होती, पण आजारी नव्हती. हे आकडे शून्य नसते, तर आधी डेटा वाचवण्याचा विचार करावा लागला असता आणि तिची जशीच्या तशी नक्कल काढणे जोखमीचे ठरले असते.

यानंतर ५०० जीबीची साटा (जुन्या हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी आणि ८ जीबीची रॅम घ्यायची असे ठरले. लॅपटॉपमध्ये एम-डॉट-टू प्रकारची अरुंद खाचही होती. परंतु अशा खाचेत काही मॉडेलांना साटा, तर काहींना एनव्हीएमई या अधिक वेगवान प्रकारची डिस्क चालते आणि ते मॉडेलगणिक बदलते. जुनी डिस्क ज्या जागी होती, त्याच जागी बसणारी अडीच इंची एसएसडी निवडल्यामुळे हा प्रश्न उरला नाही. आमच्या रोजच्या कामात साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक जाणवण्याजोगा नाही. रॅम घेताना मात्र आधीच्या कांडीवरील डीडीआर-४ हा प्रकार आणि तिचा वेग लिहून नेला, कारण लॅपटॉपची रॅम आणि टेबलावरच्या संगणकाची रॅम यांचा आकारही वेगळा असतो.

नक्कल काढण्याचे काम घरीच केले. एसएसडी यूएसबीच्या केबलने जोडली, एसएसडीबरोबर मिळणारा नकलेचा प्रोग्रॅम चालवला आणि त्यात फक्त सी ड्राइव्ह न निवडता सुरुवातीचे ईएफआयचे लहान विभाजन आणि रिकव्हरीचे विभाजनही निवडले आहे याची खात्री करून घेतली. ईएफआयचे विभाजन राहिले तर नव्या डिस्कवरून विंडोज सुरूच होत नाही. १ टीबीच्या डिस्कवरून ५०० जीबीच्या डिस्कवर नक्कल होऊ शकते, कारण प्रत्यक्ष वापरलेली जागा मोजली जाते आणि आमची वापरलेली जागा २०० जीबीच्या आत होती. टॅली, ब्राउझर आणि वनड्राइव्ह बंद करून, चार्जर लावून, हे काम रात्री सुरू केले आणि सकाळपर्यंत ते पुरे झाले. मध्ये वीज गेली असती तरी बॅटरीवर लॅपटॉप तग धरेल, हे आधी पाहून ठेवले होते.

लॅपटॉप उघडण्यासाठी आम्ही गावभागातील एका जुन्या कारागिराकडे गेलो. रॅम आणि डिस्क आम्ही दोघांनीही बसवली असती, पण पंखा काढून प्रोसेसरची उष्णता वाहून नेणारी थर्मल पेस्ट बदलण्यासाठी सराईत हात असणे बरे. त्यांनी मागचे झाकण काढल्यावर सर्वांत आधी बॅटरीची जोडणी सोडवली आणि मगच पुढे हात घातला. पंखा उचलला तेव्हा त्याच्या आणि तांब्याच्या पट्ट्यांच्या मधोमध एक जाड थर बसलेला दिसला; तो नेहमीच्या धुळीसारखा करडा नव्हता, तर पिवळसर तपकिरी होता आणि चिमटीत धरून ओढला तेव्हा नमद्याच्या तुकड्यासारखा अखंड निघून आला. त्याला हळदीचा वास येत होता. सौद्याच्या वेळी पोती फोडून हळकुंडे ओतली जातात, तेव्हा उडणारी बारीक पूड दुकानभर पसरते आणि पंखा ती वर्षानुवर्षे आत ओढत असतो. त्यांनी पंख्याची पाती बोटाने घट्ट धरूनच हवेचा झोत मारला, कारण पाती मोकळी सोडली तर ती भरधाव फिरून पंख्याचे बेअरिंग बिघडू शकते. यार्डात लॅपटॉप वापरणाऱ्या प्रत्येकाने वर्षातून एकदा ही सफाई करून घ्यावी, असे मी तेव्हापासून सर्वांना आवर्जून सांगते आहे. दुकानातील माझी बैठकही आता सौद्याच्या दारापासून आतल्या बाजूला सरकवली आहे.

सगळे पूर्ववत बसवून बटण दाबल्यावर बायॉसमध्ये १२ जीबी रॅम आणि नवी डिस्क दिसली. टॅलीचे चिन्ह प्रतिसाद देईपर्यंतचा वेळ अर्ध्या मिनिटाच्या आत आला. खातेउतारा मागितल्यावर लगेच समोर येऊ लागला. टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा अ‍ॅक्टिव्ह टाइम क्षणभर वर जाऊन लगेच खाली येत होता आणि प्रतिसादाचा वेळ एक-दोन मिलिसेकंदांवर स्थिरावला होता. टॅली, ब्राउझर आणि एक्सेल तिन्ही उघडे असतानाही निम्म्याच्या आसपास रॅम मोकळी राहत होती. दुपारभर काम केल्यावरही प्रोसेसरचा वेग घसरला नाही. ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्‌ज’मध्ये नव्या डिस्कसमोर ‘सॉलिड स्टेट ड्राइव्ह’ असे लिहिले आहे याचीही खात्री केली, कारण तसे ओळखले गेले असेल तरच विंडोज तिला डीफ्रॅग न करता (विखुरलेले तुकडे एकत्र न लावता) ट्रिमची, म्हणजे कोणती जागा आता लागत नाही ते डिस्कला कळवणारी, योग्य आज्ञा देते.

इतके होऊनही एक तक्रार शिल्लक राहिली आणि तिचा छडा लावणे हा या सगळ्या कामातील मला सर्वांत समाधान देणारा भाग होता. दुकानात एक्सेल झटकन उघडत असे, पण विश्रामबागेत घरी बसले की तेच एक्सेल उघडताना आणि छपाईचा नमुना दाखवताना बराच काळ गोठून राही. त्या वेळी डिस्क, मेमरी आणि प्रोसेसर या तिन्हींचे आकडे शांत होते. यंत्र राबत नसेल आणि तरीही थांबले असेल, तर ते कोणाची तरी वाट पाहत असले पाहिजे, असा विचार करून आम्ही नेटवर्ककडे वळलो. डिफॉल्ट प्रिंटर म्हणून दुकानातील नेटवर्कवरचा प्रिंटर निवडलेला होता. एक्सेल पानाची मापे ठरवण्यासाठी डिफॉल्ट प्रिंटरकडे विचारणा करते. घरी तो प्रिंटर उपलब्ध नसल्यामुळे उत्तराची मुदत संपेपर्यंत ते अडून बसत होते. शिवाय दुकानातील संगणकावरचे एक सामायिक फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून जोडलेले होते, तेही घरून सापडत नव्हते.

सेटिंग्जमधील प्रिंटरच्या पानावर ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजने ठरवावा’ असा पर्याय असतो. तो चालू असला की शेवटी वापरलेला प्रिंटरच डिफॉल्ट बनतो. तो बंद केला आणि कुठेही उपलब्ध असणारा ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ हा पर्याय डिफॉल्ट म्हणून ठेवला. पट्टी छापताना टॅलीत दुकानाचा प्रिंटर वेगळा निवडता येतो, त्यामुळे तिथे काहीच अडचण आली नाही. झेड ड्राइव्ह काढून टाकला आणि त्याऐवजी त्या फोल्डरचा साधा शॉर्टकट डेस्कटॉपवर ठेवला. त्यानंतर एक्सेल घरीही दुकानातल्याइतकेच चटकन उघडू लागले. नव्या डिस्कने किंवा वाढीव रॅमने हा विलंब कधीच गेला नसता, आणि फॉरमॅट केल्यावर प्रिंटर पुन्हा जोडताक्षणी तो परत आला असता.

जुनी डिस्क पुसलेली नाही. तिच्यावर तारीख लिहून ती वर्षअखेरचे हिशेब पूर्ण होईपर्यंत तशीच ठेवायची, असे अण्णांशी बोलून ठरले आहे. टॅलीची प्रत रोज संध्याकाळी बाहेरच्या ड्राइव्हवर घेणे पूर्वीसारखेच चालू आहे, कारण एसएसडी बिघडते तेव्हा फिरत्या डिस्कसारखा खरखराट करून आगाऊ सूचना देईलच, असे नाही. नव्या हळदीची पोती यार्डात उतरू लागली, तेव्हा शेजारच्या दुकानातील दिवाणजींनी त्यांचाही लॅपटॉप माझ्यासमोर आणून ठेवला. त्याच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क निवांत होती आणि रॅमही पुरेशी होती. ब्राउझरचा एक जोडप्रोग्रॅम (एक्स्टेन्शन) मात्र प्रोसेसरचा जवळजवळ सगळा वेळ खात होता. तो काढल्यावर त्यांचे काम एका पैशाच्या खर्चाविना सुरळीत झाले.